घरातल्या मोठ्याची सही

दत्तक घेण्यासाठी जी फाईल करावी लागते, तिच्यात एक कागद लहान मुलाच्या हातचा असतो. पॅनकार्ड, लग्नाचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, ओळखीच्यांची पत्रं हे सगळं आईबाप गोळा करतात. पण घरात आधीच पाच वर्षांहून मोठं मूल असेल, तर त्याचीही संमती लागते. मग दुसरीतली मुलगी वहीचं पान फाडून त्यावर लिहिते, की मला छोटा भाऊ किंवा बहीण हवी आहे, आणि खाली आपलं पूर्ण नाव घालते. कागद फायलीत जातो, फाईल पुढे सरकते.

त्या सहीनंतर तिला पुन्हा कुणी काही विचारतं का? दत्तकाविषयी आपल्याकडे आता पुष्कळ मोकळेपणाने बोललं जातं, पण ते बहुतेक आईबापांबद्दल आणि आलेल्या बाळाबद्दल. आधीपासून त्या घरात असलेली ताई किंवा दादा फोटोत कडेला उभे असतात. मला वाटतं, नवं मूल घरात रुजतंय की नाही हे पुष्कळदा या कडेच्या मुलाकडे पाहून कळतं, आणि तिकडेच आपलं लक्ष सगळ्यांत कमी असतं.

मराठी घरांत हा प्रश्न तसा नवा आहे. दत्तक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर निपुत्रिकाचं घर येतं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. कागलच्या घाटग्यांचा यशवंत १८८४ मध्ये कोल्हापूरला दत्तक गेला आणि शाहू महाराज झाला. जिथे मागे कुणी नाही तिथे दत्तक, अशी ही रीत होती. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याने ती बऱ्याच अंशी तशीच ठेवली. मुलगा, नातू किंवा पणतू हयात असेल तर मुलगा दत्तक घेता येत नाही. मुलगी किंवा मुलाची मुलगी असेल तर मुलगी घेता येत नाही. म्हणजे एका मुलीच्या आईबापांना दुसरी मुलगी घरी आणायची असेल, तर या कायद्यात त्यांना वाटच नव्हती.

ती वाट बाल न्याय कायद्याने काढली. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर असंच एक दाम्पत्य उभं राहिलं. पोटची एक मुलगी होती आणि आणखी एक मुलगी दत्तक हवी होती. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी निकाल दिला, की सोडून दिलेल्या किंवा निराधार मुलाला घर देण्याच्या आड १९५६ च्या कायद्यातली ती अट येऊ शकत नाही. २०१५ चा बाल न्याय कायदा आल्यावर धर्म कोणताही असो, घरात मुलगी असो वा मुलगा, हा रस्ता सरळ झाला. तेव्हा ‘दत्तक बहिणीची ताई’ ही आपल्याकडे फार तर एका पिढीची गोष्ट आहे. आजी-आजोबांच्या आठवणीत तिला नमुना नाही, आणि त्यामुळे घरातले वडीलधारे या बाबतीत जे सल्ले देतात ते दुसऱ्याच कुठल्या तरी प्रश्नाचे असतात.

पोटचं भावंड येतं तेव्हा मोठ्याला नऊ महिने मिळतात. आईचं पोट दिसतं, त्यावर हात ठेवून लाथ कळते, डोहाळजेवण होतं, आईला उचलून घे म्हटलं तर ती नाही म्हणते आणि त्याचं कारणही समोर दिसत असतं. दत्तकाच्या वाटेवर यातलं काही नाही. ‘कारा’च्या म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदणी झाली, समाजसेविका घरी येऊन गेल्या, की सुरू होतं ते नुसतं वाट पाहणं. २०२४-२५ मध्ये देशात ४५१५ दत्तकविधानं झाली, पण मूल हवं असलेल्यांची यादी त्याच्या कितीतरी पट लांब आहे. लहान निरोगी बाळ हवं असेल तर तीन-साडेतीन वर्षं सहज जातात. पाचव्या वर्षी ‘मला भाऊ येणार’ असं वर्गात सांगितलेली मुलगी तिसरीत जाते तरी भाऊ येत नाही. मैत्रिणी विचारतात, मग विचारेनाशा होतात. ज्या वयात तिला बाहुलीसारखं बाळ हवं होतं ते वय सरतं. संमतीच्या कागदावर सही करणारी मुलगी वेगळी आणि बाळ प्रत्यक्ष येतं तेव्हाची मुलगी वेगळी, हे मोठ्यांच्या ध्यानातही येत नाही.

आणि मग एक दिवस फोन वाजतो. मुलाचा फोटो, माहिती आणि वैद्यकीय अहवाल येतो, आणि होय म्हणायला ४८ तास असतात. तीन वर्षं काहीच हललं नाही आणि आता दोन दिवसांत सगळं ठरतंय! आईबाप डॉक्टरांना रिपोर्ट दाखवायला पळतात, रजा टाकतात, गाडीची तिकिटं काढतात. मोठं मूल या धावपळीत शेजारच्या काकूंकडे असतं. माझं यावर ठाम मत आहे. त्या दोन दिवसांत फोटो सगळ्यांत आधी ज्यांना दाखवला जातो त्यांत ते मूल असलं पाहिजे, आणि संस्थेत जाताना ते गाडीत असलं पाहिजे. परीक्षा असली तरी. बाळ कुठल्या खोलीत होतं, कुठल्या पाळण्यात झोपत होतं, कुणाच्या कडेवरून आईच्या कडेवर आलं, हे ज्याने पाहिलं त्याच्यासाठी ते आभाळातून पडलेलं राहत नाही.

येणारं बाळ मोठ्याच्या कल्पनेतल्या बाळासारखं नसतं. ते अनेकदा तान्हं नसतं, चालतं-बोलतं असतं, त्याला आपल्या सवयी असतात. संस्थेत सगळ्या सांभाळणाऱ्या मावश्या असल्या, तर त्याने पुरुष जवळून फारसा पाहिलेलाच नसतो, म्हणून घरातल्या बाबांना बघून ते किंचाळतं. दहा पाळण्यांच्या खोलीत झोपायची सवय असलेल्याला काळोखी शांत खोली भयाण वाटते. काही मुलं पोट भरलं तरी खात राहतात, पोळीचा तुकडा मुठीत घट्ट धरून झोपतात. काही रडतच नाहीत, कारण रडून कुणी लगेच येत नाही हे ती शिकलेली असतात. आईबापांना हे सगळं समाजसेविकांनी निदान एकदा सांगितलेलं असतं. आठ वर्षांच्या दादाला कुणी सांगितलेलं नसतं. त्याला एवढंच दिसतं, की त्याच्या बाबांना पाहून हा रडतो, त्याच्या डब्यातला लाडू हा लपवून ठेवतो, आणि त्याबद्दल याला कुणी रागवत नाही.

इथे एका जुन्या अभ्यासाची आठवण होते. तो दत्तकाचा नाही, पण उपयोगाचा आहे. ज्युडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी इंग्लंडात केंब्रिजजवळच्या ४० कुटुंबांत दुसरं बाळ येण्याआधीपासून पहिल्या मुलाला पाहिलं आणि १९८२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. बाळ आल्यावर बहुतेक थोरली मुलं हट्टी झाली, चिकटू लागली, काही पुन्हा अंथरूण ओलं करू लागली. पण ज्या घरांत आई सुरुवातीपासून मोठ्याशी बाळाबद्दल ‘एक माणूस’ म्हणून बोलली, म्हणजे याला आता भूक लागली असेल का, हा का रडत असेल, तुला काय वाटतं, असं विचारत राहिली, त्या घरांतली मोठी मुलं पुढे बाळाशी जास्त मायेने वागली. दत्तक बाळाच्या बाबतीत या बोलण्याला दुप्पट काम असतं. ‘हा पोळी का लपवतो?’ हा प्रश्न दादाबरोबर बसून सोडवला, तर लाडू चोरणारा भाऊ हळूहळू घाबरलेला भाऊ दिसू लागतो.

घराघरांतून ऐकू येतं ते वेगळंच. ‘तू मोठा आहेस ना, समजून घे.’ आणि दत्तकाच्या घरात त्याला आणखी एक शेपूट लागतं, ‘त्याचं कुणी नव्हतं रे.’ हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असतं, तरी त्याने मोठ्याचं तोंड बंद होतं. ज्याचं कुणी नव्हतं त्याचा हेवा करणारा मी किती वाईट, असं त्याला वाटू लागतं. पोटच्या भावंडावर रागावायचा हक्क सगळ्या मुलांना असतो, याचा तो हक्क दयेपोटी काढून घेतलेला असतो. दणादणा पाय आपटणाऱ्या मुलाची मला फारशी काळजी वाटत नाही. ते निदान सांगतंय. मला काळजी वाटते ती एकाएकी शहाण्या झालेल्या मुलीची. बाळ आल्यापासून ती स्वतःचा डबा स्वतः भरते, गृहपाठाला मदत मागत नाही, पाहुण्यांसमोर बाळाला कडेवर घेऊन फिरते. सगळे म्हणतात, किती गुणाची पोर! ऑक्सफर्डच्या रीस सेंटरने २०१३ मध्ये पालनगृहांतल्या, म्हणजे दुसऱ्याचं मूल तात्पुरतं सांभाळणाऱ्या घरांतल्या, पोटच्या मुलांवरच्या देशोदेशींच्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात हेच सारखं दिसतं. आईबाप आधीच दमलेत म्हणून ही मुलं आपल्या अडचणी घरी सांगत नाहीत. आईबापांचा वेळ कमी झाला हे त्यांचं सगळ्यांत मोठं दुःख असतं, आणि आपल्याला आधी विचारलं गेलं असतं तर बरं झालं असतं, असंही ती म्हणतात. त्याच आढाव्यात हेही आहे, की यातली पुष्कळ मुलं दुसऱ्याचं दुःख ओळखायला इतरांपेक्षा लवकर शिकतात. मला ते खरं वाटतं. पण ते शिकणं फुकट झालेलं नसतं.

यावर उपाय काय म्हणाल तर फार साधा, आणि दमलेल्या आईला तोच सगळ्यांत जड. आठवड्यातला ठरलेला थोडा वेळ फक्त मोठ्याचा. बाळ बाबांकडे, आणि आई-मुलगी कोपऱ्यावर भेळ खायला. त्या वेळात बाळाचा विषय मुलीने काढला तरच. आणि तिने ‘त्याला परत देऊन टाक’ म्हटलं, तर दचकायचं नाही. तान्ह्या सख्ख्या भावाबद्दलही मुलं हे म्हणतात, फक्त तिथे परत द्यायला जागा नसते. इथे जागा आहे हे मुलीला ठाऊक असतं, ती ती पाहून आलेली असते. म्हणून तिला उत्तरही सरळ द्यावं लागतं: तुला राग आलाय हे मला कळलं, पण तो कुठेही जाणार नाही, आणि तूही नाही.

‘तूही नाही’ हे का लागतं, ते मोठं मूल स्वतः दत्तक असेल तेव्हा पुरतं कळतं. अशी घरं कमी नाहीत. पहिलं मूल संस्थेतून आलं, काही वर्षांनी दुसरंही. त्या मोठ्याला आपल्या येण्याची गोष्ट रोज रात्री ऐकून पाठ असते. आम्ही वाट पाहत होतो, मग फोन आला, मग तू आलीस. आता तीच गोष्ट ती जागेपणी बघते. संस्थेतले पाळणे बघते, आणि त्यांत उरलेली बाकीची बाळंही बघते. परतीच्या वाटेवर गाडीत ती विचारते, ‘याच्या आईने याला का दिलं?’ विचारायचं असतं स्वतःबद्दल. हा प्रश्न टाळू नये, आणि गोड करूनही सांगू नये. या मुलांच्या बाबतीत दुसऱ्या बाळाचं येणं ही स्वतःची गोष्ट दुसऱ्यांदा वाचण्याची वेळ असते. काही जणी त्यानंतर चार-सहा महिने आईला सोडत नाहीत. पण याची दुसरी बाजू इतकी सुंदर असते की ती सांगायला हवी. आजवर घरात ती एकटीच ‘आणलेली’ होती. आता दोघं आहेत. बाबांसारखं नाक कुणाचंच नाही, यावर दोघं मिळून हसतात.

घराबाहेरचं जग मोठ्यावर जो भार टाकतं, त्याची तयारी कुणीच करून देत नाही. मराठीत नात्यांना केवढे शब्द आहेत: सख्खा, सावत्र, चुलत, मामे, मावस, आते, मानलेला. प्रत्येक नात्याचा पत्ता आपल्याला हवा असतो. म्हणून शाळेच्या बसमध्ये दादाला विचारलं जातं, ‘तुझा सख्खा भाऊ आहे का रे?’ खरं सांगितलं तर भावाची खासगी गोष्ट बसभर होते, नाही सांगितलं तर आपण खोटं बोललो असं वाटतं. नऊ वर्षांच्या मुलापुढे हा पेच टाकण्याआधी घरात बसून उत्तर ठरवायला हवं. ‘हो, माझा भाऊ आहे’ हे पूर्ण उत्तर आहे आणि त्यात काही लपवलेलं नाही. आणखी कुणी खोदून विचारलं, तर ‘ती त्याची गोष्ट आहे, तो मोठा झाला की सांगेल’ असं म्हणायची मुभा आहे, हे मुलाला कळलं की त्याच्या खांद्यावरून मोठं ओझं उतरतं.

नातेवाइकांचं तसं सोपं नाही. बारशाला आलेली कुणी मावशीआजी मोठीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणते, ‘आता तुझ्या वाटणीतलं अर्धं गेलं गं बाई.’ कायद्याने ते खरंच आहे. दत्तक आदेश झाला की ते मूल सर्वार्थाने त्या आईबापांचं होतं, वारसाहक्कासकट, पोटच्या मुलाइतकंच. सख्ख्या भावाच्या बारशाला मात्र हे वाक्य कुणी म्हणत नाही. मुलीला वाटणी म्हणजे काय ते कळत नाही, पण आपलं काहीतरी गेलं एवढं नेमकं कळतं. अशा वेळी आईबापांनी पाहुण्यांचा मान बाजूला ठेवून तिथल्या तिथे, मुलीच्या देखत बोललं पाहिजे. मागाहून खोलीत नेऊन समजावणं पुरत नाही.

वयाच्या अंतराबद्दल अभ्यास काय सांगतात? रॉय पार्कर यांनी इंग्लंडातल्या पालनगृहांचा अभ्यास १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं, की पाहुण्या मुलाच्या बरोबरीचं किंवा अगदी लहान पोटचं मूल घरात असेल तिथे व्यवस्था जास्त वेळा मोडली. पालनगृह आणि दत्तक एक नव्हेत, पण पुढच्या ब्रिटिश अभ्यासांतही हा इशारा येत राहिला, आणि म्हणून येणारं मूल घरातल्या सगळ्यांत लहानापेक्षा लहान असावं, असा संकेत अनेक ठिकाणी पाळला जातो. थोरल्याचं थोरलेपण हीच त्याची घरातली जागा असते. ती काढून घेऊ नये. याच्या उलट टोकाला, अमेरिकेत नॅन्सी सीगल यांनी एकाच वयाच्या, नात्याच्या नसलेल्या, तान्हेपणापासून एकत्र वाढलेल्या जोड्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. त्यांच्या बुद्ध्यांकातलं साम्य जुळ्यांच्या मानाने फारच कमी निघतं. म्हणजे ‘दोघं बरोबरीने वाढतील, बरोबरीने शिकतील’ या आशेवर एका वयाची दोन मुलं आणणाऱ्यांनी रोजच्या तुलनेची तयारी ठेवावी. आपल्याकडे ही तुलना घरच्यांपेक्षा शाळा करते, एकाच इयत्तेत दोघं असली की तर करतेच करते.

एक गट मात्र असा आहे ज्याच्यावर फार कमी लिहिलं जातं. दत्तकाच्या २०२२ च्या नियमांनुसार, घरात दोन किंवा अधिक मुलं असतील तर त्या जोडप्याचा विचार नात्यातलं वा सावत्र मूल सोडता फक्त विशेष गरजा असलेल्या किंवा घर मिळायला अवघड अशा मुलांसाठीच होतो. त्यामुळे या घरांतल्या थोरल्या दोघांकडे जो भाऊ येतो, त्याला ऐकू येत नसेल, त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया व्हायची असेल, किंवा तो सात वर्षांचा असून सगळं जाणून असेल. आईबापांचा निर्णय मोठा असतो, मी त्यापुढे नतमस्तक आहे. पण दवाखान्याच्या फेऱ्यांत जी संध्याकाळ जाते ती थोरल्यांचीही असते. त्यांना रोगाचं नाव, शस्त्रक्रियेची तारीख, खर्चाचा ताण हे त्यांच्या वयाला झेपेल तेवढं सांगितलंच पाहिजे. न सांगितलेलं मुलं भिंतीपलीकडून ऐकतात आणि असतं त्याहून भयंकर समजतात.

सगळ्यांत अवघड गोष्ट मूल परत जाण्याची. माहिती अधिकारात मिळालेल्या आकड्यांनुसार २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच वर्षांत देशभरात ११०० हून अधिक मुलं दत्तक घरांतून संस्थांकडे परत आली. हा आकडा वाचताना आपल्याला परत गेलेली मुलं दिसतात आणि तेच योग्य आहे, त्यांच्यावरचा अन्याय सगळ्यांत मोठा. पण त्यांतल्या काही घरांत एक थोरलं मूल मागे राहिलं असणार. ज्याने कधी तरी रागाच्या भरात ‘हा नको’ म्हटलं होतं, आणि खरंच तसं झालं. किंवा ज्याने जीव लावला होता, आणि एका सकाळी शेजारचा पलंग रिकामा होता. दोघांनाही एकच गोष्ट कळते, की या घरातून मुलाला परत पाठवता येतं. त्या मुलाशी नंतर बोलायला कुणी बसत नाही, कारण घरात तो विषयच काढायचा नसतो.

बाळ घरी आल्यापासून दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी समाजसेविका घरी येतात. बाळाचं वजन, बोलणं, झोप, आईबापांशी लागलेला लळा, सगळं लिहून नेतात. तो अहवाल बाळाचा असतो. माझी मागणी एवढीच आहे, की त्या चारही भेटींत पंधरा मिनिटं थोरल्याबरोबर, आईबाप नसताना, गच्चीत नाहीतर जिन्यात बसून काढावीत. फॉर्मवर त्यासाठी जागा असो वा नसो. संमती घ्यायला ज्याच्याकडे गेलो होतो, त्याला पुढचं विचारणं हे त्या सहीचं देणं आहे.

हा आढावा इथपर्यंत आला तो काळजीच्या वाटेने, पण बहुतेक घरांत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी केव्हा तरी एक दिवस दोघं रिमोटवरून कडाडून भांडतात, धाकटी ‘आई, बघ ना दादा!’ म्हणून ओरडते, आणि आईच्या लक्षात येतं की दादा आज तिला पाहुण्यासारखं वागवत नाही. भाऊबीजेच्या ताटाला त्यानंतर अर्थ येतो.

आणि थोरल्याकडे पुढे एक ठेव राहते, जी पोटच्या भावंडांत क्वचितच असते. सख्खा भाऊ जन्मला तेव्हाचं तीन वर्षांच्या मुलाला काही आठवत नाही. दत्तक बहीण घरी आली तेव्हा दादा आठ वर्षांचा होता, त्याला सगळं आठवतं. धाकटी मोठी होते, एक दिवस विचारू लागते. आईबाप सांगतात ती गोष्ट अनेकदा सांगून गुळगुळीत झालेली असते: किती आनंद झाला, सगळ्यांनी पेढे वाटले. मग ती दादाच्या खोलीत जाते. दादा सांगतो, की पहिल्या रात्री ती अजिबात झोपली नाही, आईकडेही थांबली नाही, पहाटे त्याच्या गादीपाशी येऊन उभी राहिली आणि त्याची चादर ओढायला लागली. त्याने ती दिली नाही. मग तीही रडली नाही, तिथेच बसून राहिली. शेवटी त्याने चादरीचा एक कोपरा तिच्याकडे सरकवला.